बाबांचं वजन आणि तुझा वाटा

कासुमी,
१७ नोव्हेंबर

प्रिय नोरीदादा,

सप्रेम नमस्कार. इथे थंडी सुरू झाली. तिकडे क्यूशूत अजून ऊब असेल, तरी पहाटे ट्रक काढताना नुसत्या शर्टावर निघत असशील तर स्वेटर घाल. खेकड्यांचा हंगाम उघडलाय, त्यामुळे बंदरावर पाय ठेवायला जागा नाही. घरामागच्या झाडाला यंदा पर्सिमनची तुरट फळं इतकी लागली की सोलून सोलून माझी बोटं काळी झाली. सगळी वाळायला पडवीत टांगलीत. एकटी किती खाणार, पण टांगल्याशिवाय चैन पडत नाही.

नवीन वर्षाला दोन ओळींचं कार्ड पाठवणारी बहीण आज एवढं लांबलचक का लिहितेय, असं तुला वाटेल. घाबरू नकोस, बाबा आहेत. बरे आहेत. म्हणजे जिभेने तर फारच बरे आहेत. वजनाने नाहीत.

वसंतात ते स्वयंपाकघरात पडले, हे मी कार्डावर लिहिलं होतं. त्यानंतर मी त्यांना माझ्याच वृद्धनिवासात आणलं. मी इथे आहारतज्ज्ञ आहे हे तुला ठाऊक आहे, पण नेमकं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस आणि बाबांना ते काम वाटतच नाही. ‘भात वाढायला पदवी लागते का?’ असं ते चारचौघांत विचारतात. तर मी भात वाढत नाही, किती वाढायचा ते ठरवते. त्यासाठी आधी माणूस मोजावा लागतो.

बाबांना मोजणं म्हणजे काय ते ऐक.

‘उंची कशाला पाहिजे? कोट शिवतेस का मला?’

‘उंचीवरून खाणं ठरतं, बाबा.’

‘मग लिही एकशे सहासष्ट. बोटीवर माझ्याएवढा उंच कोणी नव्हता.’

‘तेव्हा नसेल. आता पाठ वाकलीय.’

‘पाठ वाकली. मी नाही वाकलो.’

ज्यांना ताठ उभं राहता येत नाही त्यांचा गुडघा मोजतात. पाय काटकोनात धरायचा, टाचेपासून गुडघ्याच्या माथ्यापर्यंत मोठी सरकती पट्टी लावायची, आणि त्या आकड्यावरून आणि वयावरून उंचीचा अंदाज काढायचा. बाबा निघाले एकशे छप्पन्न. मी सांगितलं आणि चूक केली. दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, ‘तुझी पट्टी गंजलीय.’

मग दंडाचा घेर, पोटरीचा घेर, दंडामागची चरबी चिमट्यात धरून तिची जाडी. पोटरी मोजताना माझा हात थांबला. आठवतं, जाळं ओढताना त्यांच्या पोटऱ्या कशा दगडासारख्या व्हायच्या? आता माझी दोन्ही हातांची बोटं भोवती सहज जुळतात. मी हसत हसत आकडा टिपला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं.

असो. हिशोब तसा सोपा असतो. माणूस नुसता अंथरुणावर पडून राहिला, बोटही हलवलं नाही, तरी श्वासाला, काळजाला, अंग गरम ठेवायला काही ऊर्जा लागतेच. वजन, उंची आणि वय घालून ती काढायची. बाबांची आली साधारण नऊशे कॅलरी. त्यात हिंडण्याफिरण्याची आणि भांडण्याची थोडी भर घातली (भांडण्याचा वेगळा आकडा पुस्तकात नाही, माझ्या बापासाठी असायला हवा होता), आणि बाराशेचं ताट लावलं. तेव्हा वजन सत्तेचाळीस किलो होतं. मला वाटलं, जूनच्या पावसापर्यंत पन्नास करून दाखवते.

जूनमध्ये पंचेचाळीस भरलं. मी ताट चौदाशेचं केलं. ऑगस्टअखेर त्रेचाळीस. पंधराशेच्या वर नेलं, भातात तेल मिसळलं, मिसोच्या सूपमध्ये अंडं सोडलं. आता एक्केचाळीस आहे.

आणि ताट रोज रिकामं! हेच मला कळेना. भांडी उचलणाऱ्या मुली रोज लिहितात, सगळं संपवलं. मी स्वतः जाऊन बघायची, भाताचा कण नाही. चाकाच्या खुर्चीसकट वजन करतो आणि खुर्चीचं वजा करतो, तर खुर्चीच बदलली की काय म्हणून ती रिकामी तोलून पाहिली. स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला बोलले, तो आठवडाभर फुगून बसला. शेवटी सेगावा डॉक्टरांनी पोट, फुप्फुसं, रक्त, सगळं तपासलं. स्वच्छ. त्या तपासण्यांच्या दिवसांत मी देवळात जाऊन काय काय बोलून आले ते विचारू नकोस.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. भले माणूस आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, ‘खातायत आणि अंगी लागत नाही, असंच धरून चालू या. वजन चाळिसाच्या खाली गेलं की पुढे सावरणं कठीण. त्याआधी पोटात नळी बसवू, अन्न थेट जाईल. घरच्यांचा विचार घ्या.’

बाबांना विचारलं. नुसतं म्हणाले, ‘नळी नको.’ का नको? ‘नको म्हणजे नको.’ पुढे खिडकीबाहेर बघत बसले.

मी हरले असं धरून चालले होते. मग परवा काय झालं ते सांगते, आणि हे नीट वाच.

बाबांच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर ह्योदोकाका असतात. निवृत्त पोस्टमन, गोड स्वभाव, थोडी साखर आहे. त्यांची कटकट उलटी. मी त्यांचा भात दोनदा कमी केला तरी वजन चढतंच आहे. ते बिस्किटं लपवत असतील असा माझा संशय. म्हणून परवा ऐन जेवणाच्या वेळी गेले, पडदा ओढला आणि त्यांच्या दंडाला टेप लावला. मी आत आहे हे बाबांना माहीत नव्हतं. ह्योदोकाका मात्र घामाघूम झालेले.

पडद्याच्या फटीतून बाबा दिसत होते. त्यांनी ट्रेमधली एक रिकामी वाटी घेतली आणि आपल्या भातातला निम्म्याहून जास्त भात काढून तिच्यात घातला. बांगड्याचा मधला, काटे नसलेला तुकडा काढला. सूप दुसऱ्या वाटीत ओतून झाकण ठेवलं. मग ते सगळं खिडकीच्या कट्ट्यावर नीट मांडलं, जेवायच्या काड्या डाव्या हाताच्या माणसासाठी उलट्या ठेवल्या आणि म्हणाले, ‘खा रे. आज बांगडा आहे.’

आपल्या घरात डावखुरा एकच आहे.

मग स्वतःचं उरलेलं जेवले. जेवण झाल्यावर वाटीवरचं झाकण उचलून आतून बघितलं. तुला आठवत असेल. बाबा समुद्रावर असले की आई त्यांचं ताट असंच मांडायची, झाकणाला आतून थेंब धरलेले दिसले की म्हणायची, सुखरूप आहेत, आता तुम्ही दोघं हे संपवा, टाकायचं नसतं. बाबांनी झाकणाखालचे थेंब बघितले, मान हलवली आणि हाक मारली, ‘ह्योदो, झालं त्याचं. घे आता.’

‘आलो!’ ह्योदोकाका सवयीने ओरडले. दंडाला माझा टेप तसाच.

मी पडदा सारला. दादा, माझा नुसता संताप झाला होता. बाबा चोरी पकडल्यासारखे दिसतील असं वाटलं होतं. छे! उलट माझ्यावरच डोळे वटारले.

‘हे काय चाललंय, बाबा?’

‘दिसत नाही? नोरीचं जेवण.’

तुझं नाव. ज्या माणसाने मला ते घरात काढू दिलं नाही, त्याच्या तोंडून.

‘तुम्हीच हाकललंत ना त्याला? दारात पाऊल टाकायचं नाही म्हणालात!’

‘हाकललं म्हणून काय उपाशी ठेवायचा?’



आई गेल्यापासून करतायत म्हणे. तोवर ती मांडायची, जाताना सांगून गेली की पोराचं ताट बंद करू नका. मी कामावरून येईपर्यंत घरची भांडी घासून पालथी घातलेली असायची, मला काय कळणार? तू बोट सोडून गेलास तेव्हा तेवीसचा होतास. बाबांच्या लेखी अजून तेवढाच आहेस, रात्रभर माकूळ ओढून दमलेला, म्हणून तुला जास्त आणि त्यांना कमी. ‘जवान पोराला लागतं,’ म्हणाले. मी बाराशेचे पंधराशे केले ते सगळे तुझ्या वाटीत गेले. त्यांचा घास होता तेवढाच राहिला. हिशोब केला तर पडून राहायला लागतात तेवढ्याही कॅलरी त्यांच्या पोटात जात नाहीत. माझ्या गणिताप्रमाणे तू चांगलं बाळसं धरायला हवं होतंस. धरलं ह्योदोकाकांनी.

आता एक गोष्ट सांगते आणि ती गिळून टाक. मला तुझा हेवा वाटला. मी इथेच राहिले. मी त्यांना उचललं, आंघोळ घातली, नखं कापली, शिव्या खाल्ल्या. माझ्यासाठी कोणी कधी ताट मांडलं नाही. जवळ असणाऱ्याचं मांडत नाहीत हे मला समजतं, तरी त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं. मी माझ्याकडून एक जादा ताट लावून घेतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हे दादाचं, तुमचं तुम्ही पूर्ण खा. त्यांनी ते बाजूला सारलं. ‘तो पाहुणा आहे का, वेगळं ताट आणायला? आपल्या घासातला घास काढायचा असतो. नाहीतर त्याला काय पोचणार?’ आणि पुन्हा निम्मा भात खिडकीत. मी रागावले, हात जोडले, ह्योदोकाकांना दम भरला. ह्योदोकाका म्हणाले, ‘मी नाही खाल्लं तर तुझे बाबा माझ्याशी बोलायचे नाहीत, आणि खाल्लं तर तू बोलणार नाहीस. म्हातारपणी माणसाने करावं काय?’ त्यांना आता निराळ्या खोलीत हलवणार आहे, पण त्याने काय होणार? बाबा अन्न टाकून देतील, पण तुझं काढायचं सोडणार नाहीत.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, ‘बाबा, असंच चाललं तर नळी घालतील. मग काय कराल?’

 बाबा हळूच म्हणाले, ‘म्हणून तर नको म्हणतोय. नळीतून त्याच्या वाटचं कसं काढू?’

दादा, गुरुवारी वजन आहे. त्यानंतर डॉक्टर आपला निर्णय मागतील. नळीच्या कागदावर तुझी सही लागते, असं लिहून तुला बोलवायचं मी ठरवलं होतं. सही लागत नाही, माझी एकटीची पुरते. खोटं लिहायला बसले आणि जमलं नाही.

खरं एवढंच आहे की बाहेर गेलेला माणूस परत आला की त्याचं ताट थांबतं. दुसरा उपाय माझ्या कुठल्या पुस्तकात नाही, मी सगळी पालथी घातली.

माफी मागायला येऊ नकोस, त्यांच्याकडून ती मिळेल या आशेनेही येऊ नकोस, ते मेले तरी म्हणायचे नाहीत. आल्या आल्या तुझ्या पोटाला आणि पांढऱ्या केसांना नावं ठेवतील. ठेवू दे. तू पन्नाशी ओलांडलीस हे त्यांच्या डोळ्यांना दिसू दे, म्हणजे तुझा भातही कमी होईल. त्यांच्यासमोर बस, डाव्या हाताने जेव आणि एकही घास उरवू नकोस. तू खाताना दिसलास की ते त्यांचं खातील. एवढंच हवंय.

बुधवारी दुपारच्या गाडीने आलास तर जेवणाच्या वेळेला पोचशील. आठवणीने स्वेटर आण. आणि वाटेत स्टेशनवर काही खाऊ नकोस, भूक ठेवून ये.

तुझी,
मित्सुए