मार्लिसच्या पुंगळ्या

मोंटाना,
१८ सप्टेंबर १९८८

चि. ग्रेटास,

आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या जन्माच्या आधीपासून कुरकुरतोय. बटाटे काढून झाले. यंदा ते एवढे मोठे आलेत की एकेक चार जणांना पुरून उरेल. पत्र पाहून नवल वाटेल तुला. पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि या वेळी मला पुरतं बोलायचंय.

आधी रायफलची बातमी. ईस्टरला तू आलीस तेव्हा मी आजोबांची रायफल विकायच्या गोष्टी करत होतो. माझ्या गोळ्या निशाणावर परातीएवढ्या जागेत विखुरत होत्या. मी गोळ्या ओतायचा साचा बदलला. शिशात कथील वाढवून पाहिलं. मग डोळ्यांना दोष दिला, तर डॉक्टर म्हणाला, डोळे गरुडासारखे आहेत. तेव्हा मनाशी म्हटलं, आता वयच झालं.

आमच्या क्लबात नेल्डा म्हणून एक बाई येते. वायोमिंगकडची. शाळेची बस चालवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. जूनमध्ये तिने माझं एक काडतूस उचललं आणि उन्हात धरलं. काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तोंडाशी, गोळी आत शिरते तिथे, शिशाचं बारीक कडं सोलून वर आलं होतं.

"हे काय?"

"शिसं मऊ असतं. थोडं निघायचंच."

"थोडं? अहो, गोळी बसवताय की गाजर किसताय?"

सगळे खो खो हसले. मी तावातावाने सामान आवरायला लागलो, तर ती माझ्यामागे गाडीपर्यंत आली. म्हणाली, ओतीव शिशाची गोळी असली की पुंगळीचं तोंड आधी जरासं फुलवून घ्यायचं. नाहीतर पितळेची कड गोळीला तासते आणि बुडाशी खरवडलेली गोळी सरळ जात नाही. मग तिने विचारलं, "आतापर्यंत तुमच्याकडे हे कोण करायचं?"

"वापरलेल्या पुंगळ्या मार्लिस बघायची, माझी बायको."

"बघायची म्हणजे?"

"म्हणजे... धुवायची."

दुसऱ्या दिवशी नेल्डा आपणहून घरी आली आणि तळघर दाखवा म्हणाली. तुझ्या आईच्या हातच्या थोड्या पुंगळ्या बरणीत उरल्या होत्या. तिने एकेक काढून टेबलावर ओळीने उभ्या केल्या. सगळ्या एका उंचीच्या. तोंडं अगदी केसभर फुललेली, आतली कड खरवडून गुळगुळीत केलेली. आईच्या टेबलाच्या खणात एक निमुळतं पोलादी बोंड होतं. त्याचा उपयोग काय, हे मला आजवर माहीत नव्हतं. पुंगळीचं तोंड फुलवायचं ते यानेच, असं म्हणत नेल्डाने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"धुवायची म्हणे! तुमच्या कपाटातली निम्मी बक्षिसं तिची आहेत."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो, पोरी. मी बाहेर शेडमध्ये शिसं वितळवायचो आणि आई खाली रेडिओ लावून बसायची. तयार पुंगळ्या वर यायच्या, मी दारू भरायचो, गोळी बसवायचो. मला वाटायचं, पुंगळ्या अशाच असतात. तिनेही कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर तिच्या बरण्या संपत गेल्या आणि माझा नेम बिघडत गेला. एवढाच काय तो हिशेब.

मग मी शिकलो. आधी पुंगळ्या साफ करायच्या, मूळ आकारात आणायच्या, सगळ्या एका लांबीला कापायच्या. लांबी सारखी नसेल तर कुणाचं तोंड जास्त फुलतं, कुणाचं कमी. बोंड जरा जोरात दाबलं की पितळ चिरतं. पहिल्या आठवड्यात मी ढीगभर फुकट घालवल्या. नेल्डा म्हणाली, "पितळ आहे ते, बैल नाही. हळू." आता माझ्या गोळ्या बशीत मावतात. सप्टेंबरच्या सामन्यात ती पहिली आली आणि मी तिसरा. दुसरा आलेला वकील अजून खुलासे देतोय.

स्वयंपाकघरातले पडदे धुतलेत. म्हणजे मी नाही धुतले. तळघरात आता दोन टेबलं आहेत.

लिहूनच टाकतो. ऑगस्टमध्ये ती पुंगळ्या कापत बसली होती, तेव्हा मी विचारलं, "इथेच राहशील का?"

"हातातली होऊ दे."

ती पूर्ण केली, कड तपासली, खाली ठेवली. मग म्हणाली, "राहीन. पण मार्लिसच्या टेबलावर बसणार नाही. माझं मी आणीन. आणि तुझ्या मुलीला तूच सांगायचंस, मी नाही."

आणलं तिने. स्वतःच्या गाडीत घालून.

ईस्टरला तू म्हणाली होतीस, "आईच्या जागी कुणी आलं तर मी या घराची पायरी चढणार नाही." तेव्हा मी गप्प बसलो, कारण तेव्हा कुणीच नव्हतं. आता उत्तर देतो. आईच्या जागी कुणीही आलेलं नाही. तुझ्या आईने काय काय केलं होतं, हे मला या बाईमुळे कळलं. तू किंवा मी, दोघांपैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी चर्चमध्ये आमचं लग्न आहे. मी परवानगी मागत नाहीये; या वयात मागायची सवय राहिली नाही. राग येईल तो इथे येऊन काढ. समोर बसून भांड, नेल्डाशीही भांड; ती ऐकून घेणाऱ्यातली नाही, तुम्हा दोघींचं जमेल. पहिल्या बाकावर तुझी जागा आहे. तू आली नाहीस तरी तिथे दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.

तुझे, आणि आता एकट्याने न जेवणारे,
बाबा