तुझं डॉक्टरीणबाईंना सांगितलं

माय, तू कुणाला सांगू नको म्हणाली होतीस ते मी सांगून टाकलं. माफी-बिफी मागणार नाही. का सांगितलं ते आधी ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

माझी पोरगी अंबाजोगाईला दवाखान्यात आहे. पहिलटकरीण. बाळंतपण माझ्याकडंच शिरूरला झालं, नात झाली, पाचवी पुजली, सगळं नीट. मग तिची झोप उडाली. एका सकाळी पाळण्याकडं बघून हळूच म्हणाली, "आई, ही माझी न्हाई. माझी कुनीतरी नेली." हे मी आधी ऐकलं होतं. डोळ्यांपुढं एकदम ऊसतोडीचा फड आला. धुकं पडलंय, उसाच्या पाल्यावर दहिवर, बैलांच्या घंटा कुठून वाजतायत कळत नाही, आणि आपल्या पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी तू बसलीयस. माझा तान्हा धाकटा भाऊ तुझ्यापुढं रडतोय अन् तू त्याच्या पल्याड बघतेस, धुक्यातून कुणी यायचं असल्यासारखी. "हे माझं न्हाई," म्हणतेस, "माझं उसात राहिलं." मी परकर खोचून त्याला उचलते, तू उसात चालत जातेस. पाला सळसळतो, मग तोही गप्प होतो.

तुला देवऋष्याकडं नेलं. पुढं तू उठलीस, कोयता धरलास, भाकरी थापल्यास. पण माझ्याकडं बघायचीस ती लांबून, मी पलीकडच्या बांधावर उभी असल्यासारखी. माझं लग्न ठरलं तेव्हा वेणी घालता घालता म्हणालीस, "सासरी ह्यातलं अक्षर काढायचं न्हाई. येड्या घरची म्हनतील." नाही काढलं, इतकी वर्षं.

पोरीची सासू अंगारा घेऊन आली. "बाहेरचं हाय, आमी उतरवून घेतो." म्हटलं, उतरवा तुमच्या म्हशीवरून. पोरीला जीपमध्ये बसवलं, तर विहीणही नाक मुरडत चढली.

इथं बाळंतिणींच्या मनाचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी विहिणीला बाहेर बसवलं आणि आधी पोरीशी बोलल्या. जेवलीस का, झोप लागते का, बाळाकडं बघून मनात काय काय येतं, सगळं सरळ विचारलं. मग माझ्याकडं वळल्या. "मावशी, घरात कुणाला बाळंतपणानंतर असं झालं होतं का? तुमच्या आईला, बहिणीला? कळलं तर औषध ठरवायला बरं पडतं." दाराला नुसता पडदा, आणि पडद्याखाली विहिणीचे पाय, जोडव्यांसकट, कान देऊन उभे. हो म्हटलं तर पोरीचं सासर तुटतंय. नाही म्हटलं तर पोरगीच जातेय. ती खाटेवर बसली होती, भिंतीच्या पल्याड बघत.

"माझ्या आईला झालतं," मी म्हटलं. मोठ्यानंच.

"मग औषध काय दिलं?"

"औषध? निंबाच्या फोकानं मारलं तिला."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "मावशी, तुमच्या आईला आजार होता. यातून बायका बऱ्या होतात."

पडद्याआडून आवाज आला, "म्हंजी येड घराण्यातच हाय म्हना की!"

"हाय की! अन् त्याला गोळ्या बी हायेत. तुमच्या तोंडाला हायेत का?"

तेव्हापासून विहीण माझ्याशी बोलत नाही. डबा मात्र तीच आणते, आणि भाकरी मऊ असते.

पोरगी आता दुपारची झोपते. पंखा फिरतो, खिडकीतलं ऊन तिच्या पायांवरून सरकत जातं, आणि मला वाटतं तूच झोपलीयस, कुणीतरी तुला झोपू दिलंय. आज जागी झाली तेव्हा नात माझ्या मांडीवर होती. तिनं कुंची मागं सरकवली, बराच वेळ बघत राहिली. "हिला भूक लागली आसंल," म्हणाली, अन् हात पुढं केले.

हे टपालात टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून लिहिते. आनंद झाला मला, लई झाला. पण माय, त्या एवढ्याशा नातीचा मला हेवा वाटला.