ताईचा गट

छत्रपती संभाजीनगर,
१२ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वच्छलाताईंना,
विशाखाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की हे कान देऊन ऐकतात, म्हणून देवगावच्या जीपवाल्याजवळ चिठ्ठी देते आहे. राखीला आलात तेव्हा दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. यांचा गट बी, तुमचाही बी. माझा ए. यांचं रक्त ए गटाला परकं समजतं, म्हणून माझ्या लिव्हरचा तुकडा यांचं शरीर सहजी धरणार नाही. आधी रक्त साफ करून तेही जमवतात, पण जुळणारी बहीण असताना तो धोका कशाला, असं डॉक्टर म्हणाले.

लग्नात छत्तीसपैकी तीस गुण जुळले होते, रक्तगट कुणी विचारलाच नाही. चार वर्षं यांचं पथ्यपाणी, औषधं, उलट्या सगळं मी केलं, आणि देणाऱ्या मात्र तुम्ही. रिपोर्ट ऐकून हे लहान पोरासारखे हसले, म्हणाले, ताई शेवटी माझ्याच रक्ताची. मला ते लागलं. खोटं कशाला लिहू?

तपासणीची तारीख कळवते. माया असू द्यावी.

आपली,
विशाखा


देवगाव रंगारी,
१५ ऑगस्ट

चि. सौ. विशाखास,
वच्छलाचे अनेक आशीर्वाद.

तुला लागलं ते बरं झालं. मला तुझ्या लग्नापासून लागतंय. आई गेली तेव्हा गोकुळ दोन वर्षांचा, मी अकराची. त्याला मी कडेवर वाढवला. तू आलीस आणि महिन्याभरात त्याला माझ्या हातची भाकर जाड लागायला लागली.

आता रागावू नको. तुझा गट जुळत नाय हे वाचून मला लई आनंद झाला. चिठ्ठी दोनदा वाचली. आमच्या मालकांनी सही द्यायचं कबूल केलंय. तपासणीला येईन तेव्हा पुरणपोळ्या कर.

स्वतःलाही जप.

वच्छला


छत्रपती संभाजीनगर,
२६ ऑगस्ट

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

नीट पोचलात ना? तुमच्या लिव्हरवर चरबी निघाली आणि माहेरवाशिणीला मी उकडलेला दोडका वाढून परत पाठवलं. पुरण शेजारी वाटून टाकलं.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. डॉक्टर चरबी म्हणाले तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, चला, ताईंचंही नाही जमलं. मग समोरच्या खुर्चीत हे दिसले, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि आपण कशावर खूश झालो ते कळलं. तुमच्याशिवाय जुळणारं कुणी नाही. सहा आठवड्यांत चरबी उतरली पाहिजे, त्याहून जास्त वेळ यांच्याजवळ नाही.

मी तुमच्यावर जळते, पुढेही जळणार. पण तूप-तेल तोंडात घालाल तर गाठ माझ्याशी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ चाला. सुनेला फोन करून विचारीन.

तुमची,
विशाखा


छत्रपती संभाजीनगर,
८ ऑक्टोबर

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

चरबी उतरली. ऑपरेशन सोमवारी. नंतर पेशंटजवळ एकेकच माणूस बसू देतात, कोण कुणाजवळ ते आज लिहून द्यायचं होतं. यांच्याजवळ माझा भाऊ विश्वजीत बसेल. तुमच्याजवळ मी. यांना अजून सांगितलेलं नाही.

विशाखा


देवगाव रंगारी,
९ ऑक्टोबर

चि. सौ. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचली आणि आधी वाटलं, तुला नको म्हणावं. मग म्हटलं, असू दे.

गोकुळ डोळे उघडल्यावर पयलं तुलाच विचारील, मला नाय, हे मला ठाऊक आहे. माझा तुकडा पोटात घेऊनही तुलाच विचारील. तेव्हा विश्वजीतनं त्याला सांगावं की ती ताईपाशी बसलीय. आजवर मी त्याची वाट बघितली. एकदा त्यानं तुझी बघावी, आणि तू माझ्याकडं असावीस.

लोभ राहू दे, जळणंही राहिलं तरी चालंल.

तुझी नणंद,
वच्छला