गैरहजराची गरी

मी बापूजी वल्द मुखरू सोनकुसरे, धंदा कोशाच्या रेशमाचे विणकाम, राहणार आरमोरी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत कफ आहे, पण कफाने बुद्धी जात नाही. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. गोड बोलायला माझ्याकडे हल्ली कोणी येतच नाही. आधी कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडे गेलो होतो. तो म्हणाला, "बापूजी, घर लिवा, माग लिवा. मासोऱ्याईचं यात कायले टाकता?" त्याला त्याच्या झाडाखाली सोडून मी घरी आलो आणि शाळेत गिरवलेल्या अक्षरांवर भिस्त ठेवून बसलो. मासोळ्या वगळल्या तर माझ्याजवळ लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही.

कलम पहिले, घर. कोष्टीपुऱ्यातले माझे दोन खणांचे कवेलूंच्या छपराचे घर, मागच्या परसातल्या सीताफळासह, मंगली कुमरे हिला द्यावे. मंगली आमच्याकडे कोशाचा धागा काढायला येत असे. माझी पत्नी रुखमाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा नात्यागोत्यातल्या बाया दारातून चौकशी करून जात, आणि ही मात्र तिचे केस विंचरून देई. ती कोष्टी नाही, तिला घर कसे देता, असे विचारणारे पुष्कळ निघतील. त्यांनी केस विंचरायला यायचे होते.

माझा पुतण्या लटारू, मुक्काम नागपूर, याचा या घरावर डोळा आहे हे मला ठाऊक आहे. रुखमाबाईच्या तेरवीला आला तेव्हा तो भिंतीची लांबी पावलांनी मोजत होता. लटारूला माझी छत्री दिली आहे. ती त्याने त्याच दिवशी नेलेली आहे, तरी कागदावर असावे म्हणून लिहिले.

कलम दुसरे, माग. माग सागवानी आहे. तो मोडून माझ्या सरणावर घालावा. चांगला जळेल. ज्या व्यापाऱ्याने माझे लुगडे भर दुकानात "कोसा खोटा आहे" म्हणून माझ्या अंगावर फेकले आणि मागाहून तेच आपल्या सुनेला नेसवले, तो माग विकत घ्यायला येईल. त्याला राख दाखवावी.

भांडी, पेटी, कंदील, शिल्लक कोसा आणि पोस्टातले जे काही असेल ते घराबरोबर मंगलीचेच. त्यात भांडण्यासारखे काही नाही.

आता मुख्य गोष्ट.

वैनगंगेच्या उंबराच्या डोहावर आम्ही चौघे गरी टाकून मासे धरत होतो. मी, बाबूभाई कल्हईवाले, ज्याचे शेत डोहाला लागून आहे तो इसरू, आणि पोचू मारबते. पोचू जातीचा ढीवर, त्याच्या घरी जाळी होती, डोंगा होता. तरी बाजाराच्या दिवशी तो जाळे घरी ठेवून आमच्यासारखी बांबूची काठी घेऊन येई. म्हणे, "जाऱ्यानं पोट भरते बापूजी, गरीनं मन." चौघांच्या गरीची दोरी मी वळून देत असे, कोशाच्या धाग्याची. पाण्यात कुजत नाही आणि मोठ्या मरळीने झटका दिला तरी तुटत नाही. मोरपिसाच्या दांड्याचे तरंगे इसरू करी, आकडे बाबूभाई घासून धारदार करी, आणि गांडुळे कुठे सापडतात ते पोचूच्या नाकाला कळे. प्रत्येकाचा खडक ठरलेला होता. कोणी कोणाच्या खडकावर बसत नसे.

आणि आमचा एक कायदा होता. तो कुठल्या कचेरीत मिळायचा नाही, म्हणून इथे लिहितो. ज्याच्या घरी दुखणे आहे आणि जो डोहावर येऊ शकत नाही, त्याचा खडक मोकळा ठेवायचा आणि त्याची गरी बाकीच्यांनी त्या खडकावरून टाकायची. तिला आम्ही गैरहजराची गरी म्हणत असू. तिला जे लागेल ते त्याचे. बोटाएवढी मासोळी लागली तरी त्याच्या दारी नेऊन द्यायची आणि हातभर मासा लागला तरी त्याच्याच दारी. बदलायची नाही, वाटायची नाही. बाबूभाईचा बशीर देवीने आजारी होता तेव्हा बाबूभाईच्या गरीला लागलेली वाम मीच त्याच्या बायकोच्या, हाजराभाभीच्या हातात दिली होती. पोचूचा पाय काट्याने सडला तेव्हा सगळा पावसाळा त्याच्या घरी मासे नेले. ढीवराच्या घरी कोष्टी मासे घेऊन जातो म्हणून गाव हसले, पण आम्हाला त्याचे काही वाटले नाही. पोचूची बायको तेव्हा म्हणायची, "बापूजीभाऊ, तुमचा पाय दारात पडला का घर बरं होते."

माझा जीव या कायद्यावर होता. भजनी मंडळ, पंगत, पंचायत यांच्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. त्या चार खडकांवर होता.

रुखमाबाई आजारी पडली ती भाताची रोवणी संपता संपता. मी तिच्यापाशी बसलो आणि माझी गरी डोहावर पाठवून दिली. तिला अन्न जात नव्हते. रोज संध्याकाळी विचारी, "आपल्या गरीले काई लागलं का?" बाजारात मासे मिळत होते, मी आणलेही. तिने तोंड फिरवले. तिला मासा नको होता. आपल्यासाठी कोणीतरी तिथे बसले आहे, एवढे तिला कळायला हवे होते. हे मला तेव्हा समजले नाही असे नाही, चांगले समजले होते.

एका बाजाराच्या दिवशी पोरे ओरडत गल्लीतून गेली की बापूजीच्या गरीला मरळ लागली, माणसाच्या मांडीएवढी. रुखमाबाई उठून बसली. कित्येक दिवसांत ती आपली आपण उठली नव्हती. मंगलीला म्हणाली, "पाटा धू बाई. लसून घे, जवस भाज." मंगलीने मसाला वाटला. त्याचा वास घरभर झाला. मी दार ओढून घ्यायला गेलो, वारा येत होता म्हणून. ती म्हणाली, "दार नोका लावू. पोचूभाऊ येतीन."

मसाला पाट्यावर सुकला. कोणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबूभाई आला. उंबऱ्याच्या आत येईना. तो म्हणाला, "बापूजी, खुदा कसम, मच्छी तुमच्याच गरीची होती. मी पोचूले बोललो. तो म्हने, बापूजीले दुसरी लागन, थांबन तो. मले आज नाव पायजे." नाव म्हणजे घाटावरची नाव. त्या साली घाटाचा ठेका गुणवंतरावांनी घेतला होता, त्यांच्या घरी त्या दिवशी पाहुण्यांचे जेवण होते, आणि नावेवर माणूस ठेवायचा होता. पोचूने माझी मरळ नेऊन त्यांच्या ओसरीवर ठेवली. इसरूने ती ज्या पंच्यात गुंडाळली तो पंचाही माझ्याच मागावरचा. संध्याकाळी इसरू तिथेच पंगतीला बसला. पोचूला नाव मिळाली.

बाबूभाईने मला काही लपवून ठेवले नाही. पण त्याने पोचूचा हात धरला नाही, हेही मी विसरलो नाही.  मग रुखमाबाईने आतून विचारले, "कोन आलं? पोचूभाऊ का?" आणि बाबूभाई पाठ फिरवून निघून गेला.

ती त्या आठवड्यात गेली. मासा खाल्ला असता तर वाचली असती, असे मी म्हणत नाही. मी खुळा नाही. पण ती दाराकडे बघत गेली, आणि याचा राग माझ्या पोटात आजही जसाच्या तसा आहे. पोचू मयतीला आला होता, लोकांच्या मागे, नदीवर. घरी आला नाही. नंतरही आला नाही. मी नदीपलीकडे आष्ट्याला जाण्यासाठी घाटावर गेलो की तो वल्हे दुसऱ्याच्या हातात देऊन नावेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसे. एकदा मीच म्हणालो, "काऊन रे, पानी गढूळ दिसून राह्यलं का माह्या तोंडात?" त्याने नावेतले पाणी उपसायला घेतले. मी परत डोहावर गेलो नाही. ऐकतो की आता तिथे कोणीच बसत नाही. इसरूच्या म्हशी बसतात.

म्हणून कलम तिसरे. माझ्या तिरडीला पोचू मारबते आणि इसरू यांनी खांदा देऊ नये. द्यायला आले तर बाबूभाईने त्यांना अडवावे. एकदा हात धरायचा राहिला, तो आता धरावा. इसरूला माझ्याकडून काही नाही, पंचा त्याच्याकडे आहेच. गुणवंतरावांना मासा पोचलेला आहे, आणखी काही देणे लागत नाही.

कलम चौथे आणि शेवटचे. माझी बांबूची काठी, कोशाची दोरी, आकडा आणि तरंगा पोचू मारबते याला द्यावा. वाचणाऱ्याला चूक वाटेल. चूक नाही. माझी तेरवी झाल्यावर पहिल्या बाजाराच्या दिवशी त्याने एकट्याने उंबराच्या डोहावर जावे, आपल्या खडकावर बसू नये, माझ्या खडकावरून माझी गरी टाकावी. मी त्या दिवशी गैरहजर असेन. कायदा तोच आहे. जे लागेल ते, बोटाएवढे असो की मांडीएवढे, माझ्या घरी घेऊन यावे. मंगलीने त्या दिवशी पाटा धुऊन मसाला वाटून ठेवावा आणि आत बसावे. पोचूने दारात उभे राहून मोठ्याने म्हणावे, "वहिनी, मासोरी आनली." मंगलीने आतून ओ देऊ नये. उत्तराची वाट बघणे म्हणजे काय, ते त्याला उभ्याने कळू द्यावे. मग मासा घ्यावा. त्याला जेवायला बसवावे की नाही, हे मी लिहून ठेवत नाही. घर मंगलीचे आहे, तिने ठरवावे.

आणि गरीला काहीच लागले नाही तर पोचूने रिकाम्या हाताने यावे. पण यावे. रुखमाबाई गेल्यापासून मी दाराला कडी घातलेली नाही. तो येऊन गेल्यावर मंगलीने खुशाल घालावी.

हे सगळे अमलात आणण्याचे काम बाबूभाई कल्हईवाले यांच्यावर सोपवतो. वर लिहिले ते माझे आहे, वाचून पाहिले आहे, खोडण्यासारखे काही वाटले नाही.

मुक्काम आरमोरी, कार्तिक वद्य पंचमी, सन १९५८.

सही : बापूजी मुखरू सोनकुसरे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :

१. बशीर वल्द बाबूभाई, कल्हईवाले, आरमोरी

२. आशाबाई, शेजारीण, अंगठा डाव्या हाताचा

३. पोचू मारबते, ढीवर. बोलावणे पाठवले होते. गैरहजर. जागा मोकळी ठेवली आहे.