इंग्रजीत भेंडीचं पाणी

कोल्हापूर,
मंगळवार, १६ एप्रिल १९५७

प्रिय नंदिनी,

आज नळाला पाणी उशिरा आलं. अंथरुणं उन्हात टाकली. अकराच्या सुमारास नानांचा विद्यार्थी जोतीराम पुण्याहून आला, पाया पडला, जेवला आणि उचगावला घरी गेला. काल त्याची तोंडी परीक्षा झाली. प्रबंध मान्य झाला. त्याला एम. एस्सी. मिळाली.

तुझे नाना मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा हा प्रबंध घाईने पाठवला आणि परत आला, हे तुला ठाऊक आहे. गुळाच्या रंगावर तीन वर्षं प्रयोग केलेले, पण पद्धत कळत नाही, इंग्रजी अवजड आहे, असा शेरा होता. फेब्रुवारीपर्यंत मुदत, आणि संधी शेवटची. घरी आल्यावर नानांनी तांबड्या पेन्सिलीने तीन प्रकरणं तपासली. श्रावणात ते गेले. चौथ्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली आहे.

तेराव्याला जोतीराम म्हणाला, "काकू, कागद द्या. आता गुऱ्हाळच बघतो." कॉलेजातल्या दुसऱ्या सरांनी सहीची जबाबदारी घेतली होती, पण भाषा बघायला त्यांना सवड नव्हती. मी कागद दिले नाहीत. रविवारी ये आणि चौथं प्रकरण मला मराठीत सांग, म्हटलं.

नानांची रीतच ती. मुलाने आधी मला सांगायचं, मी तांदूळ निवडत ऐकायचं. मला कळलं नाही ते इंग्रजीत जायचं नाही. घाईत जोतीरामचं तेवढंच राहून गेलं होतं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण वीस वर्षं त्यांच्या मुलांचे प्रबंध मी स्वच्छ उतरून दिले. ते काय खोडतात हे हाताला माहीत झालं होतं.

तर जोतीराम सांगू लागला. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळतो, मळी वर येते, ती काढून टाकतात. मी विचारलं, मळी आपोआप वर येते? "आपोआप कशी येईल, काकू? भेंडीचं पाणी घालतो की." मग ते कागदावर कुठे आहे? "त्ये काय लिवायचं? शेंबड्या पोरालाबी ठावं हाय." मला ठाऊक नव्हतं, म्हटलं, आणि परीक्षकांनाही नसेल. त्याने पिशवीतून प्रयोगांची वही काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाला, इंग्रजीत भेंडी लिहायची लाज वाटली. रानभेंडीची खोडं ठेचून काढलेलं ते बुळबुळीत पाणी. कुठल्या काहिलीला किती घातलं ते सगळं त्याच्या वहीत होतं, आणि गुळाच्या रंगातला फरक बराचसा त्यानेच पडत होता. प्रबंधात मात्र 'नेहमीच्या रीतीने रस स्वच्छ केला' एवढंच.

ते प्रकरण पुन्हा लिहायला आम्हाला सात रविवार लागले. एका ओळीत मावेल ते तो चार ओळींत लिहायचा, मी विचारत राहायचे. "काकू, तुमी फौजदार व्हायला पायजे हुता," असं वैतागून म्हणायचा आणि पुन्हा लिहायचा. तांबडी पेन्सिल मी घेतली नाही. काळ्या शाईने खुणा केल्या.

काल परीक्षकांनी निम्मा वेळ भेंडीबद्दलच विचारलं. गुऱ्हाळावरचं काम इतकं स्वच्छ लिहिलेलं आजवर वाचलं नव्हतं, म्हणाले. इंग्रजी कुणी बघितलं, असं विचारल्यावर जोतीराम म्हणाला, सरांनी आणि काकूंनी. काकू कुठल्या कॉलेजात आहेत? "कॉलेजात न्हाईत, घरात असत्यात," हा मराठीतच बोलून गेला. सगळे हसले म्हणे. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही वाढत राहिले.

हे सगळं लिहायचं कारण असं. संक्रांतीला मी तुला कबूल केलं होतं की, मे संपताना हे घर सोडून नागपूरला तुमच्याकडे येईन. तेव्हा मी मनाने निघाले होते. आता जावईबापूंना सामान बांधायला पाठवू नकोस. जूनपासून दोन मुलं यायची आहेत. त्यातली एक गगनबावड्याची मुलगी आहे, भाताच्या रोगावर काम करते आणि इंग्रजीच्या भीतीने वर्षभर कागदाला हात लावलेला नाही. तिला मी हो म्हटलं आहे. रागावू नकोस. दिवाळीला पंधरा दिवस तुझ्याकडे राहीन, पण परतीचं तिकीट काढूनच येईन. नाना गेल्यापासून आज पहिल्यांदा वेळेवर भूक लागली आहे. पत्र मिटते आणि माझ्यापुरत्या दोन भाकऱ्या थापते.

तुझीच,
आई