बाळचे रविवार

१२ जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. उजवं मनगट सुजलंय. मोडलेलं नाही, चष्म्याच्या काचा घासताना जरा चमकतं एवढंच. दुकानात मालकांना दारावर आपटलं म्हणून सांगितलं, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. व्हॉलीबॉल खेळताना सुजलं. आता पत्र खाली ठेवू नका, पुढचं वाचा.

यांना जाऊन या आठवड्यात सव्वा वर्ष होईल. यांच्या रविवारच्या टोळीचं नेट आमच्याच माळ्यावर असायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे गेल्यापासून मी माळ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरात टाकी बघायला चढले, तर समोर ते नेट. घडी घालून, दोरीनं बांधून ठेवलेलं. मनात आलं, मग ही माणसं खेळतात तरी कशावर? म्हणून रविवारी सकाळी पिशवीत घालून मैदानावर गेले. बघते तर दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आणि सगळे तिच्यावरून खेळतायत! बॉल दोरीच्या वरून गेला की खालून, यावर दर दोन मिनिटांनी भांडण. वर्षभर असंच चालवलं, पण माझ्या दारात येऊन नेट मागायची एकाचीही छाती झाली नाही.

मला बघून सगळ्यांचा खेळ थांबला. दातांचे डॉक्टर उगाच चष्मा पुसत बसले. शेवटी बेकरीवाल्या बाई पुढे आल्या, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणाल्या की आज आम्ही एक जण कमी आहोत, नुसतं उभं राहायचं आहे. मी उभी राहिले. बॉल माझ्या डोक्यावर आपटला आणि पलीकडे जाऊन पडला, तर तो आमचा पॉइंट धरला! ताई, मला हसू आलं. किती महिन्यांनी आलं ते मोजायला गेले आणि मोजणं सोडून दिलं.

तेव्हापासून दर रविवारी जाते. महिन्यातून एकदा सगळे तळ्यापर्यंत चालत जातात, तिथेही जाते. दोन महिने तुमच्यापासून लपवलं, त्याची माफी मागते. पोर तिकडे नोकरीवर खुशाल आहे. मी खेळते म्हटल्यावर तिनं फोनवर तीनदा विचारलं, कोण, तू?

गुडघ्यांना जपा. माया आहेच, ती आटू देऊ नका.

आपली,
छोटी


२१ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अशासाठी, की पहिल्या वेळी माझ्याच वाचण्यात काही घोळ झाला असेल.

बाळ माझा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला कडेवर घेऊन मी पाढे पाठ केले आहेत. पुढे पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दुसऱ्यांची शेकड्यांनी मुलं हाताखालून गेली, पण वाढवलं म्हणशील तर या एकालाच. मी तुला प्रत्येक पत्रात लिहीत होते की त्याला आवर. पन्नाशी उलटलेला माणूस आठवडाभर छापखान्यात मुद्रितं तपासून मान मोडून घेतो, त्याला एक सुट्टी मिळते, तर त्यानं घरी पाठ टेकावी की चेंडूमागे उड्या मारत फिरावं? तू दर वेळी उत्तर दिलंस, सांगते त्यांना. काय सांगितलंस ते दिसलंच.

ज्या मैदानावर तो कोसळला तिथे तू काखेत नेट मारून गेलीस, आणि वर हसू आलं म्हणून मला कळवतेस.

आमचे हे म्हणाले, पत्र आज टाकू नकोस, उद्या टाक. म्हणून एक दिवस थांबले. आजही हेच लिहायचं आहे. तुझं काही चुकलं असं तुला वाटत नसेल, तर मला पुढे लिहू नकोस.

आशीर्वाद दिले आहेत, ते काही परत घेता येत नाहीत.

ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालात तरी लिहितेय. हे एक पत्र वाचा, मग फाडा.

यांनी मला शपथ घातली होती म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. आता ती शपथ मीच सोडवते. हे गेले त्याच्या सहा वर्षं आधी एकदा छापखान्याचा जिना चढताना यांना दम लागला आणि मधल्याच पायरीवर बसावं लागलं. मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. म्हणाले, हे हृदय कमजोर झालंय, किती चालेल याचा भरवसा मी देत नाही. औषधं दिली, आणि बजावलं की बसून राहू नका. आधी रोज दहा मिनिटं चाला, मग वीस, आणि मी हो म्हणेन तेव्हा हलका खेळ खेळा.

बाहेर आल्यावर हे पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? ताईला कळता कामा नये, ती सगळं सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल आणि मला उठूच देणार नाही. ताई, राग मानू नका, पण तुम्ही खरंच आला असतात.

दातांच्या डॉक्टरांनी यांना त्या टोळीत नेलं. पहिले चार महिने हे नुसते गुण मोजत होते. दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची आणि मोठे डॉक्टर म्हणायचे, चालू द्या. पुढे सायकल आली. तळ्यात पोहणं आलं. एका उन्हाळ्यात अकरा जण दोन दिवसांसाठी तंबू घेऊन गेले आणि परत आले ते नाकाचे शेंडे सोलवटून, घसे बसवून. सोमवारी छापखान्यात जाताना हे शीळ घालायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी यांना शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

तुमचं प्रत्येक पत्र यायचं की याला आवर. हे ते वाचून मला मोठ्यानं ऐकवायचे, तुमच्या आवाजात, बोट वर करून. मग पत्र कपाळाला लावून पेटीत ठेवायचे. बोलणी मी खायची आणि नमस्कार हे करणार!

हे गेल्यावर मलाही त्या मैदानाचा राग आला होता. वर्षभर मी दुकानाला लांबच्या रस्त्यानं जात होते. पण तुम्हाला एवढं माहीत असावं म्हणून लिहिते. त्या दिवशी रुग्णवाहिका येईपर्यंत दातांच्या डॉक्टरांनी बावीस मिनिटं यांची छाती दाबली, हात थांबवला नाही. पुढचे चार दिवस त्यांना दात काढायचा चिमटा धरवेना, म्हणून दवाखाना बंद ठेवला. बेकरीवाल्या बाईंनी यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. घरी अंथरुणावर हे झालं असतं तर आम्ही दोघंच असतो, आणि मला छाती दाबता येत नाही.

त्यांचा कप्तान म्हणजे आमच्या गल्लीचा पोस्टमन. तो मात्र माझ्या नजरेला नजर देत नाही. पत्र टाकतो आणि सायकलवर टांग मारून पसार होतो. मैदानावरही बाकी सगळ्यांशी बोलतो, माझ्याशी नाही. काय झालंय कळत नाही.

तुम्ही एकदा या. खेळ बघू नका हवं तर, पण ती माणसं बघा.

तुमच्या रागावरही माझा हक्क आहे असं समजून हे लिहिलं. पदरात घ्या.

तुमची,
छोटी


२४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी स्वयंपाक आमच्या ह्यांनी केला, यावरून काय ते ओळख.

मला सांगितलं नाही याचं दुःख आहे, ते राहील. पण मी आले असते आणि त्याला उठू दिलं नसतं, हेही खरं आहे. माझं मला ठाऊक आहे.

पाच मार्चला येते, चार दिवसांसाठी. मैदानावर येईन. खुर्ची लागेल. कुणी मला चेंडूला हात लाव म्हणता कामा नये.

ताई


१३ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचले. स्टेशनवर आमचे हे आले होते. मी सामान त्यांच्या हातात न देता स्वतःच उचलून चालू लागले, तेव्हा घाबरून गेले बिचारे.

मैदानावर जे झालं ते तू पाहिलंसच. गुण चुकीचे मोजत होते, मला राहवलं नाही, ते सोडून दे. तू पाहिलं नाहीस ते लिहिते.

खेळ संपल्यावर तळ्याकडे निघालो आणि तू बेकरीवाल्या बाईंबरोबर बडबडत पुढे गेलीस. मी गुडघ्यांमुळे मागे राहिले. तुमचा पोस्टमन सायकल हातात धरून माझ्या चालीनं चालू लागला. मग बांधावर मी बसले, तर तो समोर उभा राहिला आणि वर्गात चोरी कबूल करणाऱ्या पोरासारखा खाली बघून बोलायला लागला.

त्या दिवशी बाळनं मारलेला बॉल रेघेजवळ पडला. पोस्टमन म्हणाला आउट. बाळ म्हणाला आत. दोघं पाच मिनिटं भांडले, खूप मोठमोठ्यानं. बाळ ताडताड चालत रेघेपाशी गेला, धुळीतली खूण बोटानं दाखवायला खाली वाकला आणि तसाच बसला. पुन्हा उठला नाही. पोस्टमनच्या मनानं घेतलं की मी वाद घातला नसता तर तो गेला नसता. जवळजवळ दीड वर्ष हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. बाकीचे तिकडे पाणी पीत होते, त्यांना ही रोजचीच कटकट वाटली. तुझ्या दारात पत्र टाकण्याआधी सायकल वळवून ठेवतो म्हणाला.

छोटी, मी तिकडे आले ती कुणाला तरी दोष द्यायला. पत्रात गोड लिहिलं, पण मनात तेच होतं. आणि इथे हा माणूस स्वतःहून मान पुढे करून उभा! मग माझ्या तोंडातून निघून गेलं, की अरे, मी त्याच्याशी जवळजवळ पन्नास वर्षं भांडले. विटीदांडूत तो चार वर्षांचा असल्यापासून कधी आउट झालेला नाही. भांडणानं तो मरणार असता तर माझ्याच हातून कधीच मेला असता.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम हसला. मीही हसले. मग दोघंही रडलो, तेही बराच वेळ. लोक पाहत होते, पाहोत बापडे. मी त्याला विचारलं, खरं सांग, बॉल कुठे पडला होता? तो म्हणाला, ताई, बोटभर बाहेर होता. मी म्हटलं, असणारच.

हे तुला लिहायची परवानगी त्याच्याकडून घेतली आहे. हे पाकीटही तोच आणून देईल आणि आत काय आहे ते त्याला माहीत असेल. त्याला दारातून जाऊ देऊ नकोस.

आता एक राहिलं. माझ्या भावाला वाढवलं मी, हे आयुष्यभर मिरवलं. पण त्याला सहा वर्षं वाढवून दिली ती तू आणि त्या लोकांनी. वर माझी बोलणी मुकाट्यानं खाल्लीस. मोठ्यांनी लहानांचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, पण मी मानते. मनापासून मानते. पस्तीस वर्षं लाल शाईनं चुका दाखवल्या, आज माझी दाखवून घेते.

जपून खेळ. मनगटाला पट्टा बांधत जा.

तुझी,
ताई


२८ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पाकीट घेऊन तो आला तेव्हा मी दारातच होते. आत ये म्हटलं, तर खुर्चीच्या अगदी कडेला बसला, पत्रांची पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी त्याच्यासमोरच पत्र वाचलं. चहा केला. जाताना एवढंच म्हणाला, की वहिनी, गल्लीतली निम्मी पत्रं वाटायची राहिलीत, आज शिव्या खाणार. आणि ताई, हे त्यानं नजर वर करून म्हटलं.

आणि या रविवारी मी टेकडी चढले. तळ्याच्या मागची. हे सहा वर्षांत कितीदा तरी वर गेले, आणि दर वेळी मला चल म्हणायचे. मी म्हणायची, पुढच्या रविवारी. कधी काचांची ऑर्डर असायची, कधी कपडे भिजवलेले असायचे, कधी नुसता कंटाळा. आता गेले. वाटेत चारदा बसले, पण कुणी घाई केली नाही. दातांच्या डॉक्टरांनी माझी पाण्याची बाटली स्वतःच्या पिशवीत टाकली आणि बाकीचे मी उठेपर्यंत उगाच बुटांच्या नाड्या बांधत राहिले.

वर वारा इतका होता की पदर सावरता सावरेना. खाली तळं, त्यापलीकडे मैदान तळहाताएवढं, आणि छापखान्याचं लांब पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं. त्या छपराखाली दिव्याच्या उजेडात डोळे फोडणारा माणूस इथे येऊन उभा राहायचा, याच वाऱ्यात. मला वाटलं होतं वर गेल्यावर रडू येईल, की आपण उशिरा आलो. तसं झालं नाही. बरं वाटलं, की यांनी हे सगळं इतक्या वेळा पाहिलं.

पुढच्या खेपेला आमच्या भावजींनाही घेऊन या. गुणफलक तुमच्याशिवाय कुणी हातात घ्यायला तयार नाही.

माझ्यावर आहे तो लोभ आता त्या सगळ्यांनाही थोडा थोडा वाटा.

तुमचीच,
छोटी