थोरल्या घरचा दिवा

नंदुरबार,
ता. ३१ ऑक्टोबर १९३८

तीर्थस्वरूप धुडकूदादास धनूचा साष्टांग नमस्कार. सुरतेच्या गिरणीत तुझं बरं चाललं असेल. इकडे कापूस बरा आला. आमची छोटी तापी आता पावलं टाकते, वहिनीला सांग.

दिवाळीआधी येऊन तू कापसाच्या जिन कारखान्याची वीज आमच्या दोन्ही घरांत आणलीस. थोरले दीर म्हणून जेठांनी स्वतःकडे शंभर वॉटचा विजेचा गोळा लावला, आम्हांला पंचविसाचा दिला. दोन्ही घरांना वेगळ्या तारा टाकू म्हणालास तर भडकले, "दोन तार म्हणजे वाटणी व्हयनी. मोठाना घरमाईन उजेड जाई, मंग धाकलाना घर." शेवटी एकाच तारेत दोन्ही गोळे ओवलेस. जाताना मला म्हणालास, असं ओवलं तर लहान गोळाच जास्त पेटतो.

तसंच झालं. आमच्याकडे लख्ख, थोरल्या घरी विझत्या निखाऱ्याएवढं लाल. शेजारपाजार हसायला लागला. जेठांनी दोनशेचा गोळा आणला, तर तो आणखीच मिणमिणला.

कारण मला माहीत होतं, पण जेठांसमोर तोंड कसं उघडणार? मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी त्यांना. उत्तर आलं, "तुन्हा सालानी मन्हा उजेड चोरी लिधा, आते तू माले शिकाडस?"

परवा दिवेलागणीला ते बैलगाडीच्या जुवाची लाकडी शिवळ घेऊन आत शिरले आणि आमचा गोळा फोडला. त्याबरोबर त्यांच्याही घरात अंधार झाला. जाऊबाई तिकडून ओरडल्या, आपला दिवा मारला म्हणून. मग ते ह्यांच्यावर तुटून पडले. पहिल्याच तडाख्यात ह्यांचा उजवा हात कोपराखाली मोडला. हे खाली पडले तरी डोक्यात मारतच होते. चुलीच्या उजेडात तापी रक्तात बसून रडत होती.

जेठ जागीच गेले. मानेवर कुऱ्हाड बसली. "मीच मारं," असं ह्यांनी फौजदाराला सांगितलं, आणि ह्यांना नेलं. मोडक्या हाताने कुऱ्हाड उचलली कशी, हे कोणी विचारलं नाही.

दादा, डोक्यावर पदर न घेता मी जेठांसमोर पहिल्यांदाच उभी राहिले. दोन घाव घातले. दुसऱ्याची गरज नव्हती. मला पश्चात्ताप होत नाही. देवाला हे सांगायची भीती वाटते, तुला सांगायची नाही.

उद्या सकाळी चौकीवर जाते. ह्यांना फासावर जाऊ देणार नाही. तू येऊन तापीला घेऊन जा. ह्यांना भेटशील तेव्हा सांग, रागावू नका. आजवर ह्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते, उद्या ह्यांना फौजदारासमोर खोटं पाडणार आहे.

तुझीच,
धनू